डॉक्टरबाईंच्या तोंडी घड्याळ देऊ नकोस
अगं, तुझ्या रहस्यकथेचे तीन चॅप्टर वाचले, डॉक्टरबाई मस्त जमल्यात, पण बॉडी बघताक्षणी "रात्री 11:40 ला मेला" असं त्यांना बोलायला लावू नकोस, खरा डॉक्टर अंदाजे रेंजच देतो. मेल्यावर अंगाला येणारा ताठरपणा आधी पापण्या-जबड्यात दिसतो, साधारण 12 तासांत अंगभर पसरतो आणि इंदूरच्या मे महिन्यात तर सगळं अजून भराभर होतं, हे वापर ना! आणि विषाची केस आहे तर व्हिसेरा, म्हणजे तपासायला काढलेले पोटातले अवयव, फॉर्मॅलिनमध्ये नाही, मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून लॅबला जातो. मला तर वाटतं तुझा ट्विस्ट इथेच आहे, बरणीतलं पाणी कुणीतरी मुद्दाम बदललं. कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा तो खास अधिकारी, काढून टाक, आपल्याकडे पंचनामा बहुतेक वेळा पोलीसच करतात. आणि इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर वाट बघत बसलेले घरचे लोक पण येऊ देत गं.