फिनलंडमधल्या पेतायावेसीच्या जुन्या लाकडी चर्चला जागतिक वारसा का म्हणतात? खेड्यातलं साधं चर्च तर आहे ते!

साधं आहे, म्हणूनच. हे लुथरन चर्च १७६३ ते १७६५ या काळात याक्को लेप्पानेन नावाच्या सुताराने बांधलं. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं. जागा तळ्याकाठची, कारण लोक उन्हाळ्यात होडीने यायचे आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून.

खरी गंमत रचनेत आहे. चारही बाजू सारख्या असलेल्या क्रूसाचा आराखडा आणि मध्ये घुमट, ही मूळ दगडविटांच्या मोठ्या चर्चची कल्पना. लेप्पानेनने ती ओंडक्यांत उतरवली! आत फिरवलेला रंग नाही, लाकूड तसंच उघडं. वर कमानदार लाकडी छत, बाहेर उतरतं छप्पर. प्रवचनाचा मंच सेंट ख्रिस्तोफरच्या लाकडी मूर्तीने तोलून धरलाय. कथेत बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा हा संत, इथे बिचारा पाद्रीबुवांचा भार वाहतो. घंटाघर नंतरचं, १८२१ मधलं, आणि ते बांधणारा एर्क्की लेप्पानेन हा याक्कोचाच नातू.

१८७९ मध्ये गावात नवं चर्च झालं आणि जुनं ओस पडलं. माझ्या मते त्यामुळेच ते वाचलं. वापरात असतं तर शेगड्या, रंगरंगोटी, डागडुजी असं काहीतरी झालंच असतं. १९२० च्या दशकात दुरुस्ती सुरू झाली आणि १९९४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं.