परदेशी भाषेच्या प्राथमिक वर्गाची परीक्षा कशी काढावी? सगळे प्रश्न बहुपर्यायी ठेवले तर चालतील का?

तुम्ही लिहिले आहे की एन-५ च्या, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या जागतिक परीक्षेतल्या सर्वांत प्राथमिक पातळीच्या जपानी वर्गाची सत्रान्त परीक्षा तुम्हाला काढायची आहे, वर्गात तीस विद्यार्थी आहेत, आणि बहुपर्यायी प्रश्न व उत्तीर्णतेची सीमा या दोन गोष्टींबद्दल तुमचा निर्णय होत नाही. बहुपर्यायी प्रश्नांचा विषय निघाला की मला माझीच एक जुनी प्रश्नपत्रिका आठवते, म्हणून आधी ती सांगते.

पुण्यात मी ज्या संस्थेत जपानी शिकवत होते, तिथे एका वर्षी पहिल्या सत्राची शंभर गुणांची प्रश्नपत्रिका माझ्याकडे आली. त्यात प्रत्ययांचे वीस प्रश्न होते. (प्रत्ययांना जपानीत ‘जोशी’ म्हणतात, पुण्यातल्या वर्गात या शब्दावर व्हायचा तो हशा पहिल्याच आठवड्यात होऊन जातो.) त्यांतला सातवा प्रश्न होता ‘गाक्को ___ इकिमासु’, म्हणजे ‘शाळेत जातो’, आणि पर्याय होते ओ, दे, ए, नि. उत्तरतालिकेत मी ‘ए’ लिहिले, कारण आमच्या पुस्तकात जाण्यायेण्याच्या क्रियापदांबरोबर आधी ‘ए’ येतो. ‘नि’ही तितकाच बरोबर आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही, रात्रीचे अकरा वाजले होते, चौथा पर्याय भरायचा होता आणि ‘नि’ सुचला, एवढेच.

उत्तरपत्रिका दाखवण्याच्या दिवशी एक विद्यार्थिनी माझ्यापाशी आली. तिला ७४ गुण होते आणि आमच्याकडे जलद तुकडीत प्रवेशासाठी ७५ लागत. तिने सातव्या प्रश्नावर बोट ठेवून विचारले, “मॅडम, इथे ‘नि’ का चालणार नाही?” मी म्हटले, “वर्गात जे शिकवले तेच परीक्षेत लिहायचे असते.” शेजारी बसलेल्या आमच्या विभागप्रमुखांनी मान न उचलता जोड दिली, “पुस्तकात ‘ए’ आहे.” तिने उत्तरपत्रिका चार घड्या घालून पिशवीत ठेवली. पुढच्या सत्राला तिने नाव नोंदवले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तीसही उत्तरपत्रिका घेऊन बसले. एकूण गुणांप्रमाणे त्या लावल्या आणि प्रघाताप्रमाणे वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे ८ आणि ८, असे दोन गट वेगळे काढले. सातव्या प्रश्नाचे माझ्या मते ‘बरोबर’ उत्तर खालच्या गटातल्या सहाजणांनी लिहिले होते आणि वरच्या गटातल्या तिघांनीच. दोन्ही गटांतल्या बरोबर उत्तरांच्या फरकाला गटातल्या संख्येने भागले की जे भेदनमूल्य मिळते, ते येथे उणे ०.३८ आले. ०.३ च्या वर असेल तर प्रश्न चांगला मानतात आणि ०.२ च्या खाली गेला तर तो पुन्हा वाचतात. उणे याचा अर्थ ज्यांना भाषा जास्त येते तेच त्या प्रश्नात चुकत होते. वरच्या गटातल्या उरलेल्या पाचही जणांनी ‘नि’ लिहिले होते, कारण ते पुस्तकापुढचे वाचत होते. खालच्यांनी पाठ केलेले वाक्य जसेच्या तसे उतरवले होते.

तो कागद मी विभागप्रमुखांना दाखवला. निकाल फलकावर लागला आहे, आता एकाला गुण दिला तर उद्या दहाजण येतील, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावरून आमचा वाद मी ती संस्था सोडेपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, चालला. दहाजण आले असते तर दहाजणांना गुण देता आला असता, हे माझे म्हणणे आजही बदललेले नाही.

आता तुमच्याविषयी. सगळी परीक्षा बहुपर्यायी ठेवू नका. जेएलपीटीतही तसेच असते, हे कारण मला कायम ऐकवले जाई आणि ते मला कधीच पटले नाही. १९८४ पासून चालत आलेली ती परीक्षा जगभर एकाच दिवशी प्रचंड संख्येने विद्यार्थी देतात, म्हणून तिच्यात बोलणे नाही आणि लेखनही नाही. तुमच्यापुढे तीसजण आहेत. दोघादोघांच्या जोड्या केल्या तर दहा मिनिटांप्रमाणे अडीच तासांत सगळ्यांचे बोलणे ऐकून होते, आणि दोन शिक्षकांनी एकमेकांचे न पाहता गुण दिले तर मर्जीचा प्रश्नही बराच मिटतो. जे परीक्षेत नसते त्याचा सराव विद्यार्थी करत नाहीत.

जे बहुपर्यायी प्रश्न ठेवाल, त्यांचे चुकीचे पर्याय मराठी माणसाच्या खऱ्या चुकांमधून घ्या. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ‘तोमोदाचि नि आइमासु’ अवघड वाटते, कारण तिथे कर्माचा ‘ओ’ घालण्याचा मोह होतो. आपण ‘मित्राला भेटतो’ म्हणत असल्याने आपल्या मुलांचा ‘नि’ सहज बरोबर येतो आणि तो प्रश्न कोणालाच पारखत नाही. याउलट ‘मिचि ओ आरुकिमासु’ येथे आपल्याकडे ‘कारा’ (‘-हून’) लिहिण्याचा मोह होतो, कारण आपण रस्त्यावरून चालतो. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून प्रश्न उचलले की हा फरक निसटतो.

श्रवणाचे प्रश्न जपानी न येणाऱ्या घरातल्या कोणाला तरी, ध्वनिमुद्रण न ऐकवता, मराठीत करून सोडवायला द्या. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांत निव्वळ अंदाजाने सरासरी पाच बरोबर यावेत. माझ्या सासूबाईंचे अकरा आले. ‘तानाकासान दवाखान्यात का गेले?’ याला ‘पोट दुखत होते’ हे उत्तर द्यायला जपानी ऐकावे लागत नाही.

उत्तीर्णतेची सीमा जेएलपीटीवरून उचलू नका. तिथे एन-५ साठी १८० पैकी ८० लागतात, शिवाय भाषाज्ञान व वाचन यांत १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ हवेत. पण ते गुण समायोजित असतात, बरोबर उत्तरांची साधी बेरीज नसते, म्हणून त्यांची टक्केवारी काढून आपल्या वर्गाला लावण्यात अर्थ नाही. विभागवार किमान गुणांची कल्पना मात्र जरूर घ्या. सीमेसाठी परीक्षाशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक अँगॉफ यांनी १९७१ मध्ये मांडलेली रीत तुम्हाला झेपेल: जेमतेम पास व्हावा अशा दहा विद्यार्थ्यांपैकी किती जण हा प्रश्न सोडवतील, हे दोनतीन शिक्षकांनी प्रत्येक प्रश्नासाठी वेगवेगळे लिहायचे आणि शेवटी प्रत्येकाच्या बेरजेला दहाने भागून त्यांची सरासरी काढायची. आमची सीमा ५० होती. ती कुठून आली असे विचारल्यावर “पहिल्यापासून आहे” असे उत्तर मिळाले होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आठआठांच्या गटांत एका विद्यार्थ्याने भेदनमूल्य ०.१२५ ने हलते, त्यामुळे एकाच वर्षाच्या आकड्यावरून प्रश्न फेकून देऊ नका, दोनतीन तुकड्यांचे आकडे साठू द्या. उणे मूल्य दिसले तर मात्र पहिल्याच वर्षी उत्तरतालिका पुन्हा वाचा, आणि दोन उत्तरे बरोबर निघत असतील तर दोन्हींना गुण द्या, निकाल फलकावर लागलेला असला तरी.