पत्रं कोणाच्या हातची, हे आईलाच विचारा

*‘माहेर अमळनेर तालुक्यातलं, मी नाशिकला असते. वय ४८. अण्णा मागच्या वर्षी गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांची आणि आईची लग्नाआधीची पत्रं निघाली, दोघांचीही, सुतळीने बांधलेली. साखरपुडा १९७१च्या ऑक्टोबरात, लग्न थेट १९७३च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. अण्णा तेव्हा फौजेत, राजस्थानकडे. आई म्हणते, जाळून टाक. मी तिच्या नकळत सहा वाचली. आईची पत्रं तिच्या अक्षरात नाहीतच! ती तिसरी शिकलेली. ‘आपला विरह’ असले शब्द तिच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. वहिनी म्हणतात, लढाई पंधरा दिवसांत संपली, मग सासरे दीड वर्ष लग्न का टाळत होते? भावाला वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर वाचायची आहेत. मी काय करू?’*

ताई, आधी वहिनींचं उरकू. ३ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानशी पेटलेली लढाई १६ला ढाक्यात शरणागतीने मिटली, १७ला पश्चिमेकडेही थांबली. पण लढाई थांबली म्हणून फौज दुसऱ्या दिवशी घरी येत नाही. राजस्थानच्या बाजूने आपलं सैन्य पार सिंधच्या वाळवंटात शिरलं होतं. सिमला करार झाला जुलै १९७२मध्ये, आणि सैन्य मागे यायला डिसेंबर उजाडला. त्यात ते साल दुष्काळाचं. विहिरी तळाला गेलेल्या, चांगली शेती असलेली माणसं खडी फोडायला, घरात मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी. मुलीच्या बापाने मांडव कशाच्या जिवावर घातला असता? लग्न लांबलंच असेल, तर ते तुमच्या आजोबांनीही लांबवलं असेल.

आता अक्षराचं. तुम्हाला वाटतंय की शब्द दुसऱ्याचे, म्हणजे माया पण दुसऱ्याचीच. मी सातवीत असताना गल्लीतल्या तिघींची पत्रं लिहून दिलीत, त्यामुळे हे मी आतून सांगू शकते. बाई भिंतीकडे तोंड करून बसायची. म्हणायची, “लिख, माले करमत नही.” आणि मी, शहाणी, लिहायचे ‘आपल्या आठवणीने मन उदास होते’. आमची बोली, अहिराणी, कागदावर मांडायची नसते, असं आम्हाला शाळेने पक्कं शिकवलं होतं. एकदा तर मी एक अख्खं वाक्य पदरचं घातलं. चंद्राबिंद्राचं होतं. उत्तरात त्या माणसाने विचारलं, चंद्राचं काय म्हणत होतीस? मग पुढचे चार महिने माझ्याकडे कोणी लिहायला आलं नाही.

तेव्हा ‘विरह’ त्या लिहिणाऱ्या पोरीचा. करमत नव्हतं ते तुमच्या आईला.

अण्णांची पत्रं तुम्हाला कोरडी वाटली असतील. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ याच्या पुढे काही नाही, गावाचं नाव नाही, पत्त्यात नुसता ‘५६ एपीओ’सारखा फौजी टपाल कचेरीचा आकडा. ठिकाण लिहायची मुभाच नसायची, आणि सीमेवरून निघणारं पत्र आधी तिथला साहेब वाचायचा. इकडे पोचल्यावर ओसरीवर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं, समोर तुमचे आजोबा. साखरपुडा झालेल्या माणसाने इतक्यांच्या देखत आणखी काय लिहावं? म्हणून अशा पत्रांत मजकुरापेक्षा तारखा बघा. किती दिवसांनी उत्तर गेलं, रजा नाकारली त्या आठवड्यात दोन गेली का, ते बघा.

पण ते बघायची परवानगी आधी आईकडून घ्या. पत्रं तिची आहेत. अण्णा गेले म्हणून तुम्हा भावंडांनी ती आपली समजू नयेत. ती ‘जाळून टाक’ म्हणते ते अण्णांवरच्या रागाने, असं मला वाटत नाही. तिला स्वतःला पत्र लिहिता येत नव्हतं हे पन्नास वर्षांनी सुनेसमोर उघडं पडेल, ही धास्ती असावी. माझा अंदाज चुकूही शकतो. पण श्राद्धाच्या पंक्तीत वाचन झालं, तर नेमकं तेच होईल.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी जा. वहिनी शेतात गेल्या की पेटी आईपुढे ठेवा, आणि सहा वाचली हे आधी कबूल करा. मग एकच विचारा: लिहून कोण द्यायचं? तिला बोलू द्या. खरं आहे का, खोटं आहे का, असले प्रश्न नकोत. नोव्हेंबर ७१नंतरची आईची पाकिटं असतील तर तिकिटं दाखवा. बांगलादेशी निर्वासितांसाठी तेव्हा प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लागायचं, आणि घाईत सरकारने कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच छाप मारून ती काढली होती. लग्न व्हायचंय, नवरा वाळवंटात, आणि पाकिटावर कुटुंब नियोजन! हसली तर पुढचं आपोआप सांगेल.

एवढं होऊनही जाळायचीच म्हणाली, तर काडीपेटी तिच्या हातात द्या आणि शेजारी बसा. तुम्ही पेटवू नका.

भावाला मात्र आजच फोन करा.