राज्यात कोणत्या पक्षाची सत्ता आहे, यावर तिथली हिंसक गुन्हेगारी ठरते का?
सरळ संबंध जोडणं चुकीचं आहे. अमेरिकेत हा वाद कायम रंगतो. रिपब्लिकन म्हणतात, डेमोक्रॅट महापौरांची शहरं बघा. डेमोक्रॅट म्हणतात, रिपब्लिकनांचं वर्चस्व असलेल्या मिसिसिपी आणि लुइझियाना या राज्यांतला खुनांचा दर बघा. आकडे दोघांकडेही खरे असतात, फक्त एकजण शहर मोजतो आणि दुसरा राज्य! २०२० मध्ये तिथे खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, तेही दोन्ही पक्षांच्या राज्यांत. मला गरिबी आणि बंदुका सहज मिळणं ही कारणं जास्त पटतात. अर्थात बंदुकीचे कायदे राजकारणातूनच येतात, त्यामुळे राजकारण पूर्ण सुटत नाही. तुलना करायचीच तर खुनांची करा. बलात्कार, मारहाण यांच्या नोंदी लोक तक्रार करायला किती धजावतात यावर कमीजास्त होतात.