परवडणाऱ्या पण दर्जेदार चिनी तलवारींचा स्वतःचा ब्रँड काढायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की भांडवल 15 लाख आहे, माल चीनमध्ये बनवून युरोप-अमेरिकेत ताई-ची शिकणाऱ्यांना विकायचा आहे, आणि "डिझाइन आकर्षक हवं". ह्या शेवटच्या तीन शब्दांपायी लिहायला बसलो. एरवी मी इथे नुसता वाचक असतो.

मी 2011 पासून चीनमधल्या यिवू ह्या घाऊक बाजाराच्या शहरात आहे. बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलपं असला माल शोधायचा, तपासायचा आणि कंटेनरमध्ये भरून द्यायचा, हा माझा धंदा. 2014 मध्ये मी आणि माझे साडू, दोघांनी मिळून नेमकं हेच केलं होतं. साडू पुण्यात, पैसा आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे. मी चीनमध्ये, माल माझ्याकडे. इंग्लंडात ताई-ची शिकवणारे एक मास्तर त्यांच्या ओळखीचे होते, आणि त्या मास्तरांचं दुखणं खरं होतं. बाजारात एक तर वूशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या स्पर्धांच्या, तलवारी मिळतात. त्यांचं पातं पापडासारखं पातळ, हलवलं की खळखळतं (त्यांना तो आवाज हवाच असतो, तो भाग वेगळा). नाहीतर मग शोभेच्या, ज्या हातात घेतल्या की पहार उचलल्यासारखं वाटतं. चांगली हवी तर हजार डॉलरच्या घरात जा. विद्यार्थी कुठून जाणार? ही मधली जागा तेव्हा मोकळी होती आणि माझ्या मते अजूनही पुरती भरलेली नाही. तेव्हा कल्पना चांगली आहे, ह्याबद्दल निश्चिंत असा.

माल लोंगच्वानलाच बनवा, ह्यात वाद नाही. झेजियांग प्रांताच्या दक्षिणेला, लिशुईच्या हद्दीत, डोंगरातलं गाव. ओउ येझ नावाच्या लोहाराने इथल्या पाण्यावर राजासाठी तलवारी घडवल्या अशी अडीच हजार वर्षांची दंतकथा आहे. गावाचं नाव आधी लोंगयुआन होतं. थांग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या नावात 'युआन' आलं, म्हणून गावाचं नाव बदललं. 2006 मध्ये इथली तलवारघडण चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत गेली. हे झालं कौतुकाचं. ऑनलाइन मिळणाऱ्या ढीगभर स्वस्त जपानी कतानाही ह्याच गावात बनतात, हेही लक्षात ठेवा. इथे सगळं मिळतं, जसं मागाल तसं.

तेव्हा लोंगच्वानला रेल्वे नव्हती, 2020 मध्ये आली. लिशुईहून घाटातल्या बसने पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. पहिल्या कारखान्यात चहा ओतता ओतता मालकाने विचारलं, "धार उघडायची का?" चिनीत तलवारीला धार लावत नाहीत, धार उघडतात. उत्तर "नको" असंच द्या. उघडलेल्या धारेची तलवार चीनमध्ये नियंत्रित शस्त्रात मोडते, कुरिअरवाले हात लावत नाहीत, आणि स्टेशनवर तर बिनधारेचीही अडवतात. माझा प्रत्येक नमुना कारखान्याच्या व्हॅनमधून यिवूला आला आहे.

आठ कारखाने पाहिले. सात ठिकाणी मला ड्रॅगन दाखवले. परजेवर (मूठ आणि पात्याच्या मधली आड) ड्रॅगन, म्यानावर ड्रॅगन, पात्यावर कोरलेला ड्रॅगन, त्याच्याशेजारी पितळेचे सात ठिपके. हे सात ठिपके म्हणजे आपले सप्तर्षी, जुनी परंपरा आहे, मला आवडतात. पण मी वजन विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे.

आठव्या ठिकाणी म्हातारा शीफू, म्हणजे उस्ताद कारागीर, होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत भट्टी. तारेला लोहचुंबक बांधून तो तापलेल्या पात्याला लावून बघत होता. चुंबक चिकटायचं थांबलं की पातं तेलात. मी दारातच उभा राहिलो. माझे आबा कराडजवळच्या आमच्या गावात लोहार. ऊसतोडीचे कोयते, विळे, नांगराचे फाळ. पाणी पाजायच्या वेळी आबा झापड लावून घ्यायचे, कारण उजेडात लोखंडाचा रंग फसवतो. ह्या म्हाताऱ्यानेही खिडकीला गोणपाट लावलं होतं. नंतर ठिसूळपणा जावा म्हणून त्याने एक पातं पुन्हा मंद आचेवर धरलं. घासलेल्या पोलादावर आधी गव्हाळ रंग चढला, मग तपकिरी, मग जांभळा, आणि जांभळ्याचा निळा व्हायला लागला तसा माझ्या तोंडून निघून गेलं, "बास, काढा!" मराठीतच. त्याच क्षणी त्याने पातं उचललं. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसला. त्याला एक अक्षर कळलं नसणार. मी तिथेच ठरवलं, माल इथेच करायचा.

आता कामाचं, वहीत लिहून घ्या. जिआन म्हणजे सरळ, दुधारी. दाओ म्हणजे एकधारी, बाकदार. चीनच्या शेवटच्या, छिंग राजघराण्याच्या काळातल्या हाताळायच्या जिआनचं वजन साधारण 700 ते 900 ग्रॅम असायचं. आम्ही ठरवलं: पातं 74 सेंमी, एकूण वजन 800 ग्रॅम, 850 ही हद्द. बोटावर तोलली तर तोल परजेपासून 14 सेंमीवर. पोलाद 65एमएन, म्हणजे चीनमधलं साधं स्प्रिंगचं पोलाद. त्यात काही कमीपणा नाही. "दमास्कस" म्हणून जे नक्षीदार दाखवतात त्यातलं स्वस्त असेल ते बहुतेक ॲसिडने काढलेलं चित्र असतं. पात्याची जाडी परजेपाशी साडेसहा मिमी आणि टोकाकडे जाता जाता तीन. हा उतार म्हणजे तलवारीचा जीव, आणि नेमका तोच महाग. पातं सपाट पट्टीतून कापतात, सगळीकडे सारखी जाडी. उतार काढायचा तर कारागिराला तासन्‌तास घासावं लागतं, आणि हे फोटोत दिसत नाही. मुठीतलं पात्याचं शेपूट अखंड हवं, मुठीच्या टोकापर्यंत जाऊन तिथे ठोकून बसवलेलं. हेही फोटोत दिसत नाही.

तपासणी आबांची. कानस लावायची: लोण्यात गेल्यासारखी चावली तर पाणीच पाजलेलं नाही, काचेवरून घसरल्यासारखी सटकली तर पातं तडकणार, जेमतेम चावली तर घ्या. मग टोक भिंतीला टेकवून पातं वाकवायचं आणि सोडायचं. सरळ झालं पाहिजे, अगदी सरळ.

तिसरा नमुना 790 ग्रॅमचा आला. मुठीला साधं लाकूड, परज साधी, म्यान काळं, कुठे एक फूल नाही. मास्तरांना पाठवला, त्यांनी एका ओळीत होकार दिला. चाळीस जिआन आणि वीस दाओंची ऑर्डर गेली.

चिनी नवीन वर्षाची सुट्टी संपली आणि मी बहिणीच्या लग्नाला गावी गेलो. तीन आठवडे. तेवढ्यात साडूंनी कारखान्याच्या मालकाशी वीचॅटवर परस्पर बोलणी केली. मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून चिनी, मशीनच्या भरवशावर. त्यांचं म्हणणं असं की माल "गरीब दिसतो". परजेवर ड्रॅगनचं तोंड हवं, पितळेची मूठबोंडी हवी, सप्तर्षी हवेत, लाल गोंडा हवा, मखमली पेटी हवी, आणि पेटीवर "2500 वर्षांची परंपरा" असं छापून त्याखाली प्राचीन चिनी राजा गोउज्येनच्या तलवारीचं चित्र. ती तलवार 1965 मध्ये हूबेईतल्या थडग्यात सापडली, 55.7 सेंमीची, आणि ब्राँझची आहे! तिचा आमच्या स्प्रिंगच्या पोलादाशी संबंध काय? असो. दर मात्र तोच, 420 युआन.

आता तुम्हीच सांगा, दर तोच आणि पितळ जास्त, तर मालक पैसे कुठून काढणार? त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला ड्रॅगन मागितला, त्याने ड्रॅगन दिला. जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथून कापून घेतलं. उतार गेला. अखंड शेपूट गेलं, त्याजागी आटे पाडलेली सळी वेल्ड करून जोडली. मालक म्हणाला, "छापूदुओ." म्हणजे जवळजवळ तेच. हा शब्द चीनमध्ये ऐकलात की गोदामात जाऊन खोकी उघडायची.

मी खोकी उघडली नाहीत. परत आलो तेव्हा माल निंगबो बंदरात गेलेला होता.

इंग्लंडात पोचलेली जिआन मास्तरांनी काट्यावर ठेवली, 1140 ग्रॅम. तोल 19 सेंमीवर. दुसऱ्या आठवड्यात वर्गात एका बाईंच्या हातातली मूठ हातातच राहिली आणि पातं भिंतीवर जाऊन आदळलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. चाळीसच्या चाळीस परत, पैसे परत, वर मास्तरांचं पत्र. ते पत्र मी साडूंना मोठ्याने वाचून दाखवलं, फोनवर, दोनदा.

दाओ तर मास्तरांपर्यंत पोचल्याच नाहीत. ब्रिटनमध्ये एप्रिल 2008 पासून 50 सेंमी किंवा त्याहून लांब बाकदार पात्याची तलवार विकायला आणि आयात करायला बंदी आहे. पारंपरिक हातघडणीला, खेळाला वगैरे अपवाद आहेत, पण ते सिद्ध करायला कागद लागतात आणि आमच्याकडे मखमली पेट्या होत्या. सरळ पात्याची जिआन ह्या बंदीत येत नाही. म्हणून माझा सल्ला: पहिली दोन वर्षं फक्त जिआन. एकच नमुना, एकच लांबी. "श्रेणी" (एका ब्रँडचे अनेक नमुने) हा शब्द डोक्यातून काढून टाका, पंधरा लाखांत श्रेणी होत नाही. प्रत्येक देशाचा कायदा माल बनवायच्या आधी वाचा. शिपिंगच्या कागदावर तलवारीचा कस्टमचा 9307 हाच कोड घाला. माल पाठवून देणारा फॉरवर्डर म्हणेल, "हस्तकला लिहू, स्वस्तात जाईल." त्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा. म्यानाला शिसवाच्या जातीचं लाकूड घेऊ नका. ही डालबर्जिया जात 2017 पासून अख्खी साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, परवान्याची भानगड मागे लागू शकते. आणि लोंगच्वानच्या दमट हवेत बनवलेलं म्यान युरोपच्या हीटर लावलेल्या खोलीत आकसतं, मग तलवार निघत नाही किंवा म्यान उभं तडकतं. लाकूड नीट सुकवलेलं आहे ना, हे विचारायला लाजू नका.

साडूंचं अजूनही म्हणणं आहे की ड्रॅगनमुळे काही बिघडलं नाही, "तुम्ही जागेवर नव्हता म्हणून बिघडलं." दाओंचा कायदा बघणं माझं काम होतं, कारण माल माझ्याकडे, असंही ते म्हणतात. मी म्हणतो गिऱ्हाईक तुमच्याकडे, गिऱ्हाइकाच्या देशाचा कायदाही तुमच्याकडे. ह्यावर आमच्या घरी दोन गणपती वाया गेले आहेत. (इथे ते वाचणार नाहीत म्हणून सांगतो, कायद्याचं थोडं माझंही चुकलं. खोक्यांचं तर पूर्ण माझंच.)

हेही ध्यानात घ्या की वरचा दर दहा वर्षांपूर्वीचा आहे, आज त्या पैशात नुसतं पातं मिळालं तरी खूप. कायद्याचं मी सांगितलं ते धंदेवाला म्हणून, वकील नाही. भारतात आणून विकायचा मोह झाला तर आधी 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 ची नियमावली बघा. 9 इंचांहून लांब पात्याची धारदार हत्यारं त्यात येतात. वेबसाइट, जाहिरात, ब्रँडचं नाव ह्यातलं मला काही कळत नाही, आणि तुमचा प्रश्न बहुधा त्याबद्दलच होता. दुसरं कुणी तरी सांगेल.

तो 790 ग्रॅमचा नमुना मास्तरांनी परत पाठवला होता, तो माझ्या यिवूच्या ऑफिसात भिंतीवर आहे. गेल्या ऑक्टोबरात साडू चीनमधल्या कँटन फेअर ह्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला आले होते, तिथून दोन दिवस माझ्याकडे. चहा होईपर्यंत त्यांनी ती खाली काढली, बोटावर तोलली, दोनदा हवेत फिरवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग परत खिळ्याला अडकवत म्हणाले, "पाव्हणं, हिला एक बारका ड्रॅगन असता तर शोभली असती."