दुपारी एक ते साडेतीन

“मॅडम, कामाने नाही, मी मेसेजनी दमते.”

बँकेतले, हॉटेलांतले, पणजीला पाटोवरच्या ऑफिसांत बसणारे, सगळेच आता माझ्याकडे समुपदेशनाला हे सांगत येतात. म्हणून एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते.

मेघना 28 वर्षांची. वेर्ण्याला एका औषध कंपनीत, गुणवत्ता विभागात. फोंड्याहून कंपनीची बस बोरीच्या पुलावर येईपर्यंत तिचे पाच ग्रुप वाचून झालेले असत. दिवसभर मेल, टीम्स, व्हॉट्सअ‍ॅप. रात्री साडेदहाला साहेबांचा मेसेज. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली आरती चालू असताना तिने एका हाताने उत्तर टाइप केलं. आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्यानंतर ती माझ्याकडे आली.

नोटिफिकेशन बंद करून झालं होतं. “बंद केलं की जास्तच धडधडतं,” ती म्हणाली. ‘फोन बाजूला ठेव’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे ऐकायला हवं.

“लगेच उत्तर नाही दिलं तर?”

“लगेच द्यायलाच पाहिजे.”

“कोणी सांगितलं?”

बराच वेळ गेला. “तसं कोणीच नाही. पण त्यांना वाटेल, ही काम करत नाही.”

माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांत झाली, त्यामुळे माझा कान त्या ‘च’वर जातो. ‘द्यायला पाहिजे’ ही इच्छा आहे, ‘द्यायलाच पाहिजे’ हा हुकूम, आणि तो आपणच स्वतःला सोडलेला असतो. मी तिला एका दिवसाचे मेसेज वहीत मांडायला सांगितले. 140 निघाले. तिला नाव घेऊन विचारलेले 9. दोन तास थांबू न शकणारे फक्त 2. डोक्याला पटलं, पण धडधड तशीच.

चौथ्या भेटीत ती सहज वडिलांच्या दुकानाविषयी बोलली. फोंड्याच्या वरच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान, मागे घर.

“दुपारी बंद असतं?”

“एक ते साडेतीन. बाबा जेवतात, झोपतात.”

“गिऱ्हाइकं रागावत नाहीत?”

“नाही हो, सगळ्यांना वेळ ठाऊक आहे.”

“आणि कोणाच्या घरी पाइप फुटला तर?”

“मागच्या दाराने हाक मारतात.” एवढं बोलून ती थांबली. मग हळूच म्हणाली, “बाबांना कोणी आळशी म्हणत नाही.”

त्या दिवशी मी पुढे काहीच विचारलं नाही. इतक्या वर्षांत एक शिकले आहे: माणसाला स्वतःच्या घरात सापडलेलं उत्तर टिकतं, आणि ते हाती लागलं की समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. मलाही तेव्हाच नीट कळलं की मेघना शटर गुपचूप ओढत होती, पाटी लावत नव्हती. धडधड त्याचीच होती.

तिने टीमला लिहिलं: ‘मेसेज मी दहा, एक आणि साडेचारला बघते. तातडीचं असेल तर फोन करा.’ तीनदा हा आकडा मी सुचवला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात 124 जणांनी एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहिला, त्या आठवड्यात त्यांचा ताण कमी होता. पण वेळा तुमच्या कामाप्रमाणे ठरवा. त्या सगळ्यांना आधी कळवा, आणि हाक मारायचं मागचं दार उघडं ठेवा. ते नसेल तर लोक पुढचंच दार ठोठावत राहतात. पहिले काही दिवस जीव वरखाली होईल. होऊ द्या, उत्तर वेळेवरच द्या.

साहेबांपुढे एकट्याने हे सोपं नाही, हेही सांगते. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे 2018 साली लोकसभेत खासगी विधेयक आलं, त्याचा कायदा झाला नाही. तोवर शेजारच्या टेबलावरच्या दोघांना सोबत घ्या.

मेघनाने तेच केलं. पहिल्या आठवड्यात तिला दोन फोन आले, दोन्ही खरंच तातडीचे. आता ग्रुपच्या वर्णनात तिघींच्या वेळा लिहिल्या आहेत. रात्री साडेदहाच्या मेसेजचं साहेबांशी अजून बोलायचं आहे. काय बोलायचं ते तिने वहीत लिहून आणलं होतं. त्यातले दोन ‘च’ तिने स्वतःच खोडले होते.