जॅकी सेलेबींचं आजारपण हे नाटक होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की लाचखोरीत १५ वर्षांची शिक्षा झालेले दक्षिण आफ्रिकेचे माजी पोलीसप्रमुख जॅकी सेलेबी २२९ दिवसांतच आजारपणाच्या कारणावरून तुरुंगाबाहेर आले, तो बनाव होता का?

माझ्या मते नव्हता. त्यांना मधुमेह होता, मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डायलिसिस चालू होतं. जुलै २०१२ मध्ये ते सुटले आणि २३ जानेवारी २०१५ ला वारले. वय ६४.

पण संशय घेणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही. त्याआधी २००९ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेकब झुमांचे आर्थिक सल्लागार शाबीर शेख ‘मरणाच्या दारात’ म्हणून सुटले होते आणि पुढे गोल्फच्या मैदानावर दिसले. दुधाने तोंड पोळल्यावर लोक ताक फुंकणारच.

गंमत म्हणजे सेलेबी मुळात पोलीसवाले नव्हतेच. शिक्षक, मग परागंदा असताना आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या युवक शाखेचे नेते, मग जिनिव्हात राजदूत. भूसुरुंगबंदीचा करार १९९७ मध्ये ऑस्लोच्या ज्या परिषदेत ठरला, तिचे अध्यक्ष हेच. (भारताने त्यावर अजून सही केलेली नाही, ते असो.) २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकींनी त्यांना थेट पोलीसप्रमुख केलं आणि २००४ मध्ये ते इंटरपोलचे पहिले आफ्रिकी अध्यक्ष झाले.

घात केला तो दोस्तीने. ग्लेन अग्लिओटी हा अमली पदार्थांचा तस्कर. त्याच्याबद्दल विचारलं की सेलेबी म्हणायचे, तो माझा मित्र आहे, ‘फिनिश अँड क्लार’! म्हणजे विषय संपला. विषय संपला नाही. २००७ मध्ये त्यांच्या अटकेचं वॉरंट मिळवणारे सरकारी अभियोगप्रमुख व्हुसी पिकोली यांनाच एम्बेकींनी निलंबित केलं, ज्या ‘स्कॉर्पियन्स’ पथकाने तपास केला ते पथकही पुढे गुंडाळलं गेलं. तरी खटला उभा राहिला आणि जुलै २०१० मध्ये ते दोषी ठरले.

आरोप होता अग्लिओटीकडून बारा लाख रँड (तिथलं चलन) लाच घेतल्याचा, सिद्ध झालेली रक्कम त्याहून बरीच कमी. मला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. अग्लिओटीच्या धंद्याविषयी ब्रिटनकडून आलेला गोपनीय अहवाल या गृहस्थांनी अग्लिओटीलाच दाखवला होता.